असल बरहुकूम

पहाटे सव्वापाच

उठल्यावर आधी कागदाला हात लावते, मग दुधाच्या पातेल्याला. कागदाला हात उलटा लावायचा. पेरांना तेल असतं, आणि तेल लागलं की त्या जागी रंग धरत नाही. उलटा हात गार लागला तर समजायचं, आत ओल आहे. आज गार लागला. जुलैचा दुसरा आठवडा, चार दिवस ऊन नाही. आठ वाजेपर्यंत ब्रशाचं नाव काढायला नको.

तोवर गॅलरीत दुसऱ्या कागदाला सरस. सरसाची वडी रात्रीच पाण्यात फुगत घातलेली असते. सकाळी पातेलं गरम पाण्यात ठेवून ती विरघळवायची, उकळू द्यायची नाही. उकळला की चिकटपणा मरतो. त्यात चिमूटभर तुरटी. तुरटी जास्त झाली तर कागद पुढे पिवळा पडतो, कमी झाली तर सरस धरत नाही. हे सगळं गॅलरीतल्या विजेच्या शेगडीवर चालतं, कारण सरस जनावराच्या हाडाकातड्याचा, आणि आमच्या सदाशिव पेठेतल्या स्वयंपाकघरात तो येणार नाही हे आईने पंधरा वर्षांपूर्वी एकदाच सांगितलं आहे. सरस आणि तुरटी, हेच मिश्रण जपानी कारागीर कागदाला लावतात. ते त्याला ‘दोसा’ म्हणतात. हे ऐकून शेजारच्या मुलाने विचारलं होतं, “मावशी, चटणी कुठेय?”

कागद आपल्या पुण्याचाच. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाजवळ हातकागद संस्था आहे, १९४० साली के. बी. जोशींनी काढलेली. तिथला कागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा. जपानी कागद कोझोच्या, म्हणजे तुतीच्या जातीतल्या एका झाडाच्या सालीचा. त्याचे तंतू लांब, म्हणून तो पातळ असूनही दहा-बारा वेळा ओला करून दाबला तरी फाटत नाही. आपला सुती कागद जाड, मऊ आणि हावरट. सरस न लावता त्याच्यावर रंग ठेवा, टीपकागदासारखा पिऊन टाकेल. मूळ चीज कोझोवर आणि माझी नक्कल चिंध्यांवर, म्हणजे पहिल्याच पायरीला खोटेपणा आलाच. पण कोझोचा कागद मागवायचा तर चित्राची किंमत दुपटीवर जाते आणि गिऱ्हाईक पळतं.

सात

चहा. पेपर आईकडे, मागच्या पानापासून.

माझा धंदा सांगितला की लोक दोनदा विचारतात, म्हणून एकदा नीट सांगते. जपानमध्ये एदोच्या काळात लाकडी ठशांवरून छापलेली जी निसर्गचित्रं होती, होकुसाईची, हिरोशिगेची, त्यांच्या मी हाताने रंगवून नकला करते. छापत नाही, ठसे कोरत नाही. ब्रश, पाण्याचे रंग, पोस्टर कलर. चित्र छापल्यासारखं दिसायला हवं आणि छापलेलं असता कामा नये. गिऱ्हाइकाला प्रिंटरवरून काढलेलं पोस्टर नको असतं, आणि खरी जुनी प्रत परवडत नाही. मधल्या फटीत माझं पोट भरतं.

लोकांना वाटतं, रेघ अवघड. रेघ अवघड नाही. ट्रेसिंग पेपरच्या पाठीला गेरू चोळला (शिसपेन्सिल नको, तिची चमक रंगातून वर येते), छाप घेतली आणि झिरो नंबरच्या ब्रशाने गिरवलं की रेघ येते. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा केलेल्या कुणालाही येते; आम्ही अभिनव कॉलेजला असताना अक्षरांच्या जाहिराती याच हाताने करत होतो. अवघड आहे ते सपाट रंग लावणं. ठशावरून आलेला रंग एकसारखा बसतो, त्याला दिशा नसते. ब्रशाने लावलेल्या रंगाला दिशा असतेच. कुठे ब्रश टेकला, कुठे उचलला, कुठे शेजारणीने हाक मारली, सगळं दिसतं. माझं निम्मं काम म्हणजे माझा हात पुसून टाकणं. त्यासाठी मी रंगात थोडी तांदळाची खळ घालते. ही युक्ती माझी नाही. जपानी छापणारा ठशावर रंगाबरोबर तांदळाची खळ फिरवतो, तिने रंग सारखा पसरतो. आईला हे एकदम पटलं. सरस नाही म्हणणारी बाई भाताची पेज मात्र स्वतः गाळून देते.

मूळ चित्रं करायला चार माणसं लागत. पैसे घालणारा प्रकाशक, चित्र काढणारा, ते रानचेरीच्या लाकडावर कोरणारा, आणि छापणारा. नाव चित्रकाराचं होतं, प्रकाशकाचा शिक्का असे. छापणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा कुठेच नाही. आणि ही कलादालनातली चित्रं नव्हेत. एक-दोन वाडगे शेवयांच्या भावात मिळणारी, प्रवासाहून येताना गावाकडच्यांना न्यायची, भिंतीवर चिकटवायची, फाटली की टाकून द्यायची. आपल्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली इथे पुण्यात चित्रशाळा काढली, आणि तिथली शिळाछापाची रामपंचायतनं घराघरांत गेली, तसाच हा प्रकार. त्या देवांच्या तसबिरी आमच्या आजीच्या घरात काजळी धरून होत्या आणि वाडा पाडताना त्या कुठे गेल्या कुणी विचारलं नाही. जपान्यांनीही विचारलं नव्हतं. युरोपातल्या लोकांनी विकत घ्यायला सुरुवात केल्यावर विचारायला लागले.

साडेनऊ

कागद वाळला. आता खिडकीत उजेड आहे तोवर निळा.

सध्या बोर्डावर आहे हिरोशिगेचं ओहाशी पुलावरच्या पावसाचं चित्र, १८५७ सालचं, ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळं’ या मालिकेतलं. सुमिदा नदीवरचा लाकडी पूल, वरून कोसळलेली सर, पुलावर छत्र्या आणि चटया डोक्यावर धरून पळणारी माणसं, खाली ओंडक्यांचा तराफा बांबूने ढकलत निघालेला एकटाच नावाडी, आणि पलीकडचा काठ राखाडी होऊन विरघळलेला. मालिका पूर्ण व्हायच्या सुमाराला, १८५८ साली, हिरोशिगे गेला. वयाच्या साठीत काढलेलं हे चित्र आहे, आणि त्या पळणाऱ्या माणसांच्या पोटऱ्या बघितल्या की म्हाताऱ्याला किती मजा आली असेल ते कळतं.

ट्यूबलाइटखाली निळा कधीही लावू नये. रात्री देखणा दिसतो आणि सकाळी शाळेच्या गणवेशासारखा. हा निळा प्रशियन ब्लू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये एक जण लाल रंग करायला गेला आणि हा निळा झाला, असा त्याचा जन्म. १८३०च्या आसपास तो जपानात स्वस्तात यायला लागला, आणि होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालिकेला तोच लागला. मालिकेचं नाव ‘छत्तीस दृश्यं’, पण इतकी खपली की प्रकाशकाने आणखी दहा काढून घेतली, एकूण ४६. याच मालिकेतल्या ज्या लाटेला सगळं जग अस्सल जपानी समजतं, तिचा निळा जर्मन आहे. त्या लाटेची बाहेरची रेघसुद्धा काळी नाही, निळीच आहे. पहिल्या दोन लाटा मी काळ्या रेघेने काढून विकल्या. गिऱ्हाइकांनी ओळखलं नाही. मला अजून झोपेत दिसतात.

नदीचा निळा काठाशी गडद असतो आणि मध्याकडे येताना विरत जातो. याला बोकाशी म्हणतात. छापणारा ठशाचं लाकूड ओल्या फडक्याने पुसतो, रुंद ब्रशाच्या एका टोकाला रंग आणि दुसऱ्या टोकाला पाणी घेतो, आणि तो एकाच आडव्या फटकाऱ्यात ओढतो. मग कागद ठेवून वरून चकतीने दाबतो. मला ठसा नाही, मी कागदच ओला करते आणि तीन इंची सपाट ब्रश तसाच भरते, एक टोक रंगाचं, एक पाण्याचं. एक ओढ. दुसरी नाही. पहिल्यात चुकलं तर दुरुस्त करायला जायचं नाही, कारण दुरुस्तीचा डाग चुकीपेक्षा वाईट दिसतो.

इथे पुण्याची हवा मध्ये येते. एप्रिलमध्ये कागद इतक्या झपाट्याने सुकतो की ओढ पूर्ण व्हायच्या आत मागचं टोक वाळून पट्टा पडतो. तेव्हा मी पंखा बंद करून, खिडक्या लावून, घामाघूम होऊन बोकाशी करते. जुलैत उलट. पाणी बसून राहतं, रंग आपोआप सरकत राहतो, आणि दहा मिनिटांनी बघावं तर गडद काठ नदीच्या मध्यात येऊन बसलेला. चांगली बोकाशी ऑक्टोबर ते डिसेंबर. पण ऑर्डरी पावसाळ्यात येतात, कारण लोक पावसात घरी बसतात आणि समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघतात.

नदी झाली. बरी झाली. मग ढग.

ढगाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. चित्राच्या वरच्या कडेला काळ्या ढगाचा एक पट्टा आहे, त्याची खालची किनार वेडीवाकडी. ही किनार ठशावर कोरलेली नसते. छापणारा प्रत्येक प्रतीच्या वेळी ती ब्रशाने लाकडावर नव्याने काढतो. म्हणजे दोनशे प्रती असतील तर दोनशे ढग. ब्रुकलिनच्या संग्रहालयात या मालिकेचा पूर्ण संच आहे, त्याची छायाचित्रं माझ्या टॅबवर आहेत. दुसऱ्या संग्रहालयांतलीही आहेत. एकीत ढग खाली ओघळलेला, एकीत वरच्या वर आवरलेला, एकीत नुसता सरळ पट्टा, छापणारा कंटाळला असावा असा. पहिल्या वर्षी मी ब्रुकलिनचा ढग जसाच्या तसा उतरवायची. तीन कागद फुकट जायचे. मग एके दिवशी लक्षात आलं, मी नक्कल कशाची करतेय? हिरोशिगेने हा ढग काढलेलाच नाही. त्याने सांगितला असेल. काढला तो नाव नसलेल्या एका माणसाने, एका सकाळी, माझ्यासारख्याच घाईत.

तेव्हापासून ढगाच्या वेळी मी टॅब पालथा घालते. कागद ओला केला, काळा भरला, डावीकडून उजवीकडे ओढला, मनगट दोनदा खाली वळवलं. पुरतं मिनिटही नाही. मग त्याच्याकडे न बघता कुकर लावायला गेले.

साडेबारा

जेवण. आईने ढग बघितला. “पडेल हा,” म्हणाली. हा तिचा पास.

दीड

फोन. छत्रपती संभाजीनगरहून एक डॉक्टर; दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीसाठी दोन चित्रं हवीत. “जपानीच हवं, पण आपल्याकडचं काही नाही का त्यांच्यात?” प्रश्न ऐकायला विचित्र, पण उत्तर आहे. हिरोशी योशिदा हा विसाव्या शतकातला ठशांचा चित्रकार १९३०-३१च्या सुमाराला मुलाला बरोबर घेऊन हिंदुस्थानभर फिरला. ताजमहाल, उदयपूर, काशी आणि तुमच्या दारातलं वेरूळ, अजिंठा, सगळ्याची छापचित्रं त्याने परत जाऊन केली. त्याची एक खोड मला फार आवडते. तेच ठसे ठेवून नुसते रंग बदलायचे; एकदा ताजमहाल उन्हातला, एकदा चांदण्यातला. तो १९५० साली गेला, आपल्या कॉपीराइट कायद्यातली साठ वर्षं केव्हाच उलटली, त्यामुळे नक्कल करायला आडकाठी नाही.

डॉक्टर खूश. मी त्यांना आणखी एक नाव सांगितलं, ते त्यांना माहीत नव्हतं. गंगाराम तांबट. आमच्या पुण्याचा. सवाई माधवरावांच्या काळात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट इथे होता, जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार त्याच्यामागोमाग आला, आणि त्या दोघांच्या हाताखाली गंगारामाने वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. १७९०च्या दशकातली गोष्ट. तेव्हा तिकडे होकुसाई तिशीत होता आणि त्याची लाट अजून चाळीस वर्षं लांब होती. गंगारामाची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पुण्यात त्याच्या नावाचा एक चौक तरी असायला हवा होता. नसेल तर नसो, आपल्याकडे चौकांना नावं द्यायला माणसं पुष्कळ आहेत.

डॉक्टरांनी एक वेरूळ, एक लाट सांगितली. लाट कुणालाच सुटत नाही.

तीन

काळी शाई संपत आली होती आणि पाय मोकळे करायचे होते, म्हणून डेक्कनला. अलका टॉकीजच्या चौकातून लकडी पुलावर आले आणि सर आली.

लकडी पुलावर लाकूड नाही, हे पुण्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला कळतं आणि तो प्रत्येकाला सांगतो. पानिपतानंतर, १७६१ साली, तो लाकडाचा बांधला होता. पुरांनी गेला, दगडाचा झाला, नाव राहिलं. मी कठड्याला टेकून उभी राहिले. आज संध्याकाळी मला पाऊस काढायचा आहे, तर पाऊस बघून घ्यावा.

तर, पावसाला रेघ नसते. डोळ्यांना दिसतो तो एक धुरकट पडदा, आणि जवळ, छत्रीच्या कडेपाशी, सुटे थेंब. रेघ दिसते ती फक्त गडद गोष्टीसमोर, माझ्या वेळी समोरून येणाऱ्या बसच्या काळ्या टायरसमोर. युरोपातले चित्रकार शतकानुशतकं पाऊस काढताना धूसर करत राहिले. हिरोशिगेने सरळ रेघा मारल्या, आणि त्यासुद्धा दोन कोनांत, एक झोड जरा कललेली, एक जवळजवळ उभी. दोन्ही एकमेकींना छेदतात म्हणून वाऱ्याचा फटका कळतो. त्या रेघा कोरणाऱ्याचा विचार करा. रेघ उरली पाहिजे, म्हणजे रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं. केसाएवढी भिंत राखत शेकडो वेळा.

पुलावर माणसं पळत होती. एकाने डोक्यावर दुधाची पिशवी उलटी घातलेली, मूळ चित्रातल्या चटईवाल्याची सख्खी बहीण शोभेल अशी एक बाई पूजेच्या आसनाचं टोपरं करून निघालेली, आणि तीन कॉलेजच्या मुली एका छत्रीत, म्हणजे तिघींचे बाहेरचे खांदे भिजलेले. हिरोशिगेच्या पुलावरही एका छत्रीत एकाहून जास्त माणसं आहेत. मी त्यांचे खांदे कोरडे रंगवले होते. घरी जाऊन ते गडद करायचे असं ठरवलं.

साडेचार

शिकायला दोघं येतात. एक शेजारचाच, जपानी शिकणारा, डिसेंबरच्या परीक्षेच्या तयारीत. पुण्यात जपानी शिकणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. चाकणच्या कंपन्यांना दुभाषे लागतात. दुसरी आर्किटेक्चरची. तो मला अक्षरं वाचून दाखवतो, मी त्याला ब्रश धरायला शिकवते, फीचं खातं असं फिटतं. वरच्या लाल चौकटीतलं शीर्षक त्यानेच उलगडलं. त्यातला ‘युदाची’ म्हणजे संध्याकाळी अचानक येणारी सर. सहीपुढे ‘गा’ असतं, म्हणजे ‘काढलं’. मी हे ‘गा’ कित्येक वर्षं खालून वर काढत होते. “मावशी, जपानी माणूस बघितल्याबरोबर ओळखेल,” म्हणाला. ओळखू देत, मी म्हटलं. पण त्या दिवसापासून वरून खाली काढते.

आर्किटेक्चरवालीने आज विचारलं, “नकलेत तुमचं काय असतं?” या प्रश्नाची मी वाटच बघत असते. तिला फान गॉगचं चित्र दाखवलं. हेच. हाच पूल, हाच पाऊस, १८८७ साली पॅरिसमध्ये त्याने तेलरंगात केला. हिरोशिगेच्याच दुसऱ्या, फुललेल्या प्लमच्या बागेच्या चित्रावर त्याने पारदर्शक कागद ठेवून रेघ उतरवून घेतली, चौकटी आखल्या आणि मोठं केलं. आमच्या आर्टच्या वर्गात पहिल्या वर्षाला शिकवतात तेच. शिवाय दोन्ही चित्रांच्या कडेने जपानी अक्षरं भरली, इकडून तिकडून उचललेली, त्याला वाचता येत नसताना. “म्हणजे तुमच्यापेक्षा वाईट,” ती म्हणाली. अक्षरांच्या बाबतीत, हो. पाण्याच्या बाबतीत नाही. त्याची नदी ब्रशाच्या फटकाऱ्यांनी खळखळते. त्याने स्वतःचा हात पुसला नाही, तो पुसायचा त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला सांगितलेलं आहे, आणि मी त्याचे पैसे घेते.

मुलगा म्हणाला, सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बागही नक्कलच की, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली. खरं आहे. पण तिथली झाडं पुण्याच्या मातीत वाढतात आणि मागे पर्वती दिसते, कोराकुएनच्या मागे पर्वती नाही. मी त्याला म्हटलं, हे डिसेंबरच्या निबंधात लिही. निबंध नसतो, सगळे पर्याय असतात, असं कळलं.

सहा

पाऊस.

फूटपट्टी जरा उचलून तिरकी धरायची, ब्रशाचा धातूचा गळा तिच्या कडेला टेकवायचा आणि श्वास सोडत वरून खाली ओढायचं. शाई पातळ केलेली, राखाडी. रेघ ढगात सुरू होते आणि पाण्यात संपते. वाटेत पूल, माणसं, छत्र्या, सगळ्यांवरून जाते. दोन दिवसांचं काम खाली आहे आणि त्यावर शेकडो रेघा मारायच्या आहेत. प्रत्येक रेघ कायमची.

सव्वासहाला लाइट गेली. आईने मेणबत्ती आणायची तयारी केली, मी नको म्हटलं. मेणाचा एक थेंब आणि तीन दिवस गेले. अर्धा पाऊस पडलेल्या चित्रासमोर अंधारात बसून राहिले. बाहेर खरा पडतच होता.

या बसण्यात नको ते आठवतं. गेल्या वर्षी एका हॉटेलाने तीन चित्रं घेतली, तिन्ही हिरोशिगेची. पैसे दिले, वेळेवर दिले, तक्रार पैशाची नाही. महिन्याने मैत्रिणीबरोबर जेवायला गेले तर शेजारी पितळी पट्टी. तिच्यावर ‘मूळ जपानी प्रिंट’. मी मॅनेजरला बोलावलं. तो हसला, म्हणाला, मॅडम, कोण बघतं? मी चित्र काढायला लावणार होते, पण विकलेल्या चित्रावर माझा काय हक्क. त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. मूळ चित्रांवर सरकारी तपासनिसाचा एक शिक्का असे, चित्र छापायला परवानगी आहे असा. तो मी आता काढत नाही. मला कुणी तपासलेलं नाही. आणि दुसरी, पाठीवरचा मजकूर. तो पुढे सांगते.

सातला लाइट आली. साडेआठपर्यंत रेघा. त्यातल्या दोन जाड झाल्या. खोडत नाही. कोरणाऱ्याचीही पट्टी कधी तरी घसरली असेल. तीन मुलींच्या छत्रीतले बाहेरचे खांदे गडद केले, म्हणजे हिरोशिगेच्या माणसांचे. मूळ चित्रात ते तसे नाहीत. इतकं चालतं.

रात्री साडेनऊ

जेवणं झाली. आईने चष्मा लावून नावाड्यापासून सुरुवात केली. “हा एकटाच का भिजतोय?” म्हणाली. “याला पुलाखाली थांबता आलं असतं.” मला हे पंधरा वर्षांत सुचलं नव्हतं.

मग कागद उलटा केला. आमच्याकडे भारत इतिहास संशोधक मंडळात बसणारे एक काका येत असत. त्यांनी एकदा सांगितलं होतं की पेशवाईत मूळ कागदाची प्रत करताना कारकून वर लिहीत, असल बरहुकूम नक्कल. जसं मूळ तसं. मला तो शब्दप्रयोग इतका आवडला की काही वर्षं मी प्रत्येक चित्रामागे तोच लिहीत होते. ढगाचं कळल्यावर तो मला खोटा वाटायला लागला. कुठल्या असलाबरहुकूम? दोनशे असल आहेत, आणि एकातलाही ढग दुसऱ्यासारखा नाही.

आता पेन्सिलीने (शाई पुढे उमटते) असं लिहिते, आणि आजही लिहिलं:

हिरोशिगे, एदो, १८५७. ओहाशी पुलावरची सर. नक्कल, पुणे, हातकागद, पाण्याचे रंग. ढग माझा.

खाली सही आणि तारीख. फ्रेमवाल्याला सांगून ठेवलं आहे, मागच्या पुठ्ठ्याला एक खिडकी कापायची, हे वाचता यायला हवं.

गिऱ्हाईक शनिवारी येणार. त्यांना फ्रेम लगेच हवी आहे, आणि मी नाही म्हणणार आहे. तुम्हालाही सांगून ठेवते. हाताने रंगवलेलं काहीही जुलैत काचेखाली घालू नका. आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही, आणि गणपतीपर्यंत निळ्यावर पांढरी बुरशी येते. दसरा उलटू द्या, दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा, उलटा हात लावून बघा, आणि मग काच लावा.